छताकडे बघणारे साप

सापानं उंदरावर झेप घेतली आणि तो चुकला.

उंदीर मेलेला होता. फ्रीजरमधून काढून कोमट केलेला. प्रशांतनं तो लांब चिमट्यात धरून सापाच्या तोंडासमोर हलवला होता. इतक्या जवळून साप चुकत नाही. हा चुकला. तोंड माझ्या टेबलाच्या कडेवर आपटलं. त्यानं पुन्हा झेप घेतली, या वेळी भलतीकडेच, जणू उंदीर एक नाही, दोन दिसत होते. मग तो थांबला. त्याची मान हळूहळू मागे वळत गेली, ओला कपडा पिळावा तशी पिळत गेली आणि डोकं उलटं झालं. हनुवटी वर, टाळू खाली. तशा अवस्थेत तो निश्चल राहिला आणि माझ्या दवाखान्याच्या छताकडे बघत बसला.

"मॅडम, हा वर काय बघतो?" प्रशांतनं विचारलं.

मीही वर बघितलं. का बघितलं ते सांगता येत नाही. वर पंखा होता आणि एक ट्यूबलाइट.

मी जनावरांची डॉक्टर. नाशिकला गंगापूर रोडवर दवाखाना आहे. दिवसभर कुत्री, मांजरं, लसी, खरूज, कानातली घाण. सरपटणाऱ्या प्राण्यांचं थोडं वेगळं शिक्षण घेतलंय, त्यामुळे आसपासच्या डॉक्टरांकडे कासव किंवा इग्वाना सरडा आला की ते माझा नंबर देतात. साप त्यातल्या त्यात कमी येतात. आणि आले की आधी मी कागद बघते. आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळणं गुन्हा आहे. परदेशी जातीचा असेल तर सरकारी पोर्टलवर त्याची नोंद लागते. प्रशांत गांगुर्डेची नोंद व्यवस्थित होती. माणूसही व्यवस्थित. पस्तिशीचा, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला, नखं कापलेली, सापाला हात लावायच्या आधी हात धुणारा.

साप होता बॉल पायथन. आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी, लाजाळू. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून हे नाव. मुळात तो तपकिरी-काळा असतो. पण पाळणाऱ्यांनी जोड्या लावून लावून त्याचे अनेक रंग काढलेत. अशा प्रत्येक वेगळ्या रंगाला किंवा नक्षीला या धंद्यात 'मॉर्फ' म्हणतात. प्रशांतच्या सापाचा मॉर्फ होता 'स्पायडर'. मधासारखं पिवळं अंग आणि त्यावर काळ्या रेघांची नाजूक जाळी. कोळ्यानं विणल्यासारखी. सुंदर होता, यात वाद नाही. मी स्वतः पहिल्यांदा त्याच्याकडे बघून "वा" म्हटलं होतं. तो हलायच्या आधी.

तपासणी केली. तोंडात फेस नाही, श्वासाला आवाज नाही, अंगावर गोचिड्या नाहीत, वजन ठीक.

"घरात कीटकनाशक मारलं होतं?"

"नाही."

"पेटीतलं तापमान?"

त्यानं सांगितलं. बरोबर होतं.

"नवीन साप आणलाय का इतक्यात?" हे विचारायचं कारण म्हणजे सापांना एक व्हायरस होतो, त्यातही डोकं असंच वर जातं. इंग्रजीत त्याला स्टारगेझिंग म्हणतात, तारे बघणं. नाव छान आहे. आजार जीवघेणा आहे.

"नाही मॅडम. पण एक सांगू का? हा एकटा नाहीये."

"म्हणजे?"

"बाकीच्या स्पायडरनापण होतं थोडं थोडं. विकणारा म्हणाला होता, स्पायडरचा स्वभावच आहे, डान्स करतात. पण आता वाढलंय. साथ पसरतीये का काय, अशी भीती वाटायला लागलीये."

"साध्या रंगाच्या सापांना होतं?"

तो विचारात पडला. "नाही. त्यांना काहीच नाही."

तिथंच मला उत्तर कळलं होतं. तरी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम आहे. म्हटलं, "मी घरी येऊन बघते."

रविवारी दुपारी नाशिक रोडला त्याच्या घरी गेले. कॉलनीतलं साधं रो हाऊस, पुढे तुळस, मागे पाण्याची टाकी. त्याची बायको अश्विनी शाळेत शिकवते. तिनं पाणी दिलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं. "वर आहेत ते. मी त्या खोलीत जात नाही."

"सापांची भीती वाटते?"

"सापांची नाही वाटत. साप मी हातात घेतलेत. ते वर बघतात ना, त्याची वाटते."

वरची खोली अंधारी आणि गरम होती. खिडकीला जाड पडदे. भिंतीला लागून लोखंडी रॅक, रॅकवर पारदर्शक डबे, प्रत्येक डब्यात एक साप. एका कोपऱ्यात अंडी उबवायचं यंत्र, त्याचा छोटा हिरवा दिवा. आणि रॅकसमोर खुर्ची टाकून एक वयस्कर बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. प्रशांतची आई, सुमनताई. जानेवारीचे दिवस होते. नाशिकच्या थंडीत घरातली ही एकच उबदार खोली, म्हणून त्या दुपारी इथं बसत. त्या जन्मापासून बहिऱ्या. बोलत नाहीत. आई आणि मुलगा घरगुती खुणांनी बोलतात. मला बघून त्या हसल्या आणि खुर्ची सरकवून जागा करून दिली.

प्रशांतनं दार लावलं. दाराचा धक्का रॅकला बसला.

आणि डोकी हलायला लागली.

आधी खालच्या ओळीतलं एक. मग त्याच्या शेजारचं. मग वरच्या ओळीत. एकेका डब्यातून एकेक मान उठत होती, थरथरत होती, पिळत होती आणि उलटी होऊन थांबत होती. आवाज अजिबात नाही. सापाला पापणी नसते, त्यामुळे डोळा मिटत नाही. थोड्या वेळात रॅकभर सगळी स्पायडर डोकी वर तोंड करून एकाच जागेकडे बघत होती. त्यांच्या मधेमधे साध्या तपकिरी रंगाचे साप होते. ते आपापल्या कागदाखाली गुपचूप पडून होते.

साथीचा आजार रंग बघून होत नाही.

मी सगळं तपासलं. तापमान, पाणी, उंदीर कुठून येतात, रॅकला रंग कुठला मारलाय. कुठं काही चुकलेलं नव्हतं. इतकी स्वच्छ खोली मी क्वचित पाहिली आहे.

सुमनताईंनी माझ्या हाताला स्पर्श केला. सापांकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या डोक्याजवळ बोट गोल गोल फिरवलं आणि तळहात वर करून माझ्याकडे बघितलं.

"आई विचारतेय, यांना चक्कर येते का?" प्रशांत म्हणाला.

हा प्रश्न मला याआधी कुठल्याच मालकानं विचारला नव्हता. लोक विचारतात, मरेल का, बरा होईल का, औषध कडू आहे का. मी म्हटलं, "येत असावी. सापाला विचारता येत नाही. पण तोल जातोय, एवढं नक्की."

खाली हॉलमध्ये येऊन त्याला समजावून सांगितलं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. सापाला बाहेर कान नसतो, पण आत तो भाग असतो. स्पायडर सापांत त्याची घडण जन्मतःच बिघडलेली असते. वर कुठं, खाली कुठं, हे त्याला नीट कळत नाही. म्हणून डोकं फिरतं, झेप चुकते. घाबरला, भुकेला असला, अंड्यांचा काळ आला की जास्त.

"औषध?"

"नाही."

"व्हिटॅमिन? इंजेक्शन? काहीतरी असेल ना मॅडम."

"नाही. आणि खरी अडचण पुढे आहे. ही जाळी आणि हा दोष वेगळे नाहीत. एकाच जनुकात दोन्ही आहे. जनुक म्हणजे आईबापांकडून पिल्लाकडे जाणारी सूचना. ही सूचना म्हणते, अंगावर जाळी काढ आणि कानाच्या आतला भाग वाकडा कर. अर्धीच सूचना पाळायची सोय नाही. जाळी असलेला आणि दोष नसलेला साप मिळत नाही. कुणात कमी दिसेल, कुणात जास्त. पिल्लाला किती होणार, ते आधी सांगता येत नाही."

त्यानं जिन्याकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वर मशिनमध्ये अंडी आहेत. स्पायडरची."

मला यंत्राचा हिरवा दिवा आठवला.

"अर्ध्याअधिक पिल्लांची बुकिंग झालीये. आईबापांचे फोटो टाकले होते, लगेच गेली. एक मोठा व्यापारी आहे, त्याला सगळी स्पायडर पाहिजेत. फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं म्हणाला. पिल्लं निरोगी आहेत असं."

"ते मी देऊ शकणार नाही."

"तुम्ही लिहा की खातात-पितात, वजन ठीक आहे. खोटं काय त्यात?"

"निरोगी हा शब्द खोटा आहे."

तो चिडला. इतक्या शांत माणसाचा आवाज चढलेला ऐकून अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझी आई जन्मापासून बहिरी आहे. तिची आत्यापण तशीच होती. बाबांचं लग्न ठरलं तेव्हा लोक घरी येऊन सांगून गेले, पोरं बहिरी निघतील, नको करू. बाबांनी केलं. म्हणजे काय, करायला नको होतं? मी नको होतो? दोष आहे म्हणून जगायचंच नाही?"

आमच्या शिक्षणात असले प्रश्न नसतात. भिंतीवर त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, त्याच्या शेजारी दुसऱ्या जुन्या फोटोत ते आणि तरुणपणीच्या सुमनताई, दोघंही कॅमेऱ्याकडे बघून हसू दाबत होते.

मी म्हटलं, "तुमच्या आईला कुणी बहिरी व्हावी म्हणून जन्माला घातलं नाही, प्रशांत. तिच्या बहिरेपणाचे फोटो टाकून कुणी बुकिंग घेतली नाही. जे साप जन्माला आलेत त्यांना मारा, असं मी म्हणत नाही. तुम्ही त्यांची छान काळजी घेताय. मी म्हणते, मुद्दाम आणखी काढू नका."

"मी नाही काढले तर दुसरा काढेल."

"काढेल."

"मग काय फरक पडतो?"

"सर्टिफिकेटवर सही माझी असते. मला पडतो."

चहा न घेता मी निघाले. घरी आल्यावर उगाचच दोनदा तपासलं की माझी मान सरळ आहे ना. हसू येईल वाचून, पण त्या आठवड्यात आरशासमोर केस विंचरताना डोकं जरा कलतं झालं की मी दचकायचे. बसल्या बसल्या नजर वर जायची. स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती. ती याआधी माझ्या कधी लक्षातच आली नव्हती.

प्रशांतचा फोन येणार नाही, असं धरून चालले होते. फेब्रुवारीत एका संध्याकाळी आला.

"मॅडम, अंडी फुटतायत. येता का? सर्टिफिकेटसाठी नाही. काहीतरी गडबड आहे."

गेले. या वेळी अश्विनीसुद्धा वर आली, पण दाराबाहेरच उभी राहिली. खोलीत सुमनताई यंत्राशेजारी पाटावर बसल्या होत्या. प्रशांतनं यंत्राचं झाकण काढून ठेवलं होतं.

सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. कवच कातड्यासारखं मऊ असतं. पिल्लाच्या तोंडावर एक बारीक टोकदार दात असतो, त्यानं ते आतून कवचाला चीर पाडतं. मग लगेच बाहेर येत नाही. चिरेतून नुसतं डोकं काढून ठेवतं आणि एखादा दिवस तसंच पडून राहतं. जग बघत असतं म्हणा. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी आवडलं आहे.

त्या संध्याकाळी अंड्यांच्या ढिगाऱ्यात ठिकठिकाणी चिरा पडल्या होत्या आणि चिरांमधून डोकी बाहेर आली होती. काही तपकिरी डोकी चिरेच्या कडेवर टेकून स्वस्थ होती. पिवळी डोकी उलटी होती. अंगाचा बाकी भाग अजून अंड्यात, चिकट पाण्यात, आणि तेवढी डोकी बाहेर येऊन, हनुवटी वर करून, छताकडे. ज्यांनी अजून काहीच पाहिलेलं नाही, ना उजेड, ना माणूस, ना खोली, ती जन्मतःच तिकडं बघत होती.

दारातून अश्विनी म्हणाली, "देवा." आणि खाली निघून गेली.

एक पिल्लू फार वाईट होतं. त्याचं डोकं थांबतच नव्हतं. बाहेर यायचं, गर्रकन वळायचं, स्वतःच्याच अंड्यात परत घुसायचं, तिथल्या पाण्यात बुडायचं, धडपडून पुन्हा बाहेर. परत तेच. प्रशांत ते बघत उभा होता. त्याला हात लावायचं धाडस होत नव्हतं.

सुमनताईंनी हात पुढे केला. तर्जनी त्या पिल्लाच्या हनुवटीखाली हलकेच ठेवली, अंगठा टाळूवर. दोन बोटांत डोकं धरलं. पिल्लू थांबलं. थरथर हळूहळू कमी झाली. जीभ एकदा बाहेर आली, आत गेली. पहिल्यांदाच ते समोर बघत होतं.

प्रशांत हसला. मीही हसले असेन.

ताईंनी बोटं काढली. डोकं लगेच कलायला लागलं, फिरायला लागलं, पाण्यात गेलं. त्यांनी परत धरलं. थांबलं. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. हात अवघडला असणार. मग त्यांनी मान वर करून मुलाकडे बघितलं आणि मोकळ्या हातानं काहीतरी विचारलं. मनगटावर घड्याळाच्या जागी दोनदा टिचकी, मग तळहात वर.

प्रशांत पिल्लाकडेच बघत राहिला. ताईंनी तीच खूण पुन्हा केली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"किती वेळ धरू, असं विचारतेय."

प्रशांत आईशेजारी खाली बसला. त्यानं तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच्या बोटांत ते डोकं धरलं. मान खाली घातलेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "याला तुम्ही घेऊन जा. त्रास न होता करता येतं ना?"

"येतं."

"आत्ताच?"

"आत्ताच करू. मी सामान आणलंय."

भुलीचं इंजेक्शन आधी दिलं, मग दुसरं. इतक्या लहान जिवाला काही क्षण पुरतात. प्रशांतनं शेवटपर्यंत डोकं धरून ठेवलं होतं. मी हात लावून "झालं" म्हटल्यावरही त्यानं बोटं लगेच काढली नाहीत. त्याला वाटत असावं, सोडलं की ते परत फिरेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं बुकिंग रद्द केली. व्यापाऱ्याचा फोन माझ्यासमोरच आला होता, कारण मी उरलेल्या पिल्लांना बघायला गेले होते. प्रशांतनं फोन स्पीकरवर टाकला.

"अरे यार, तू पण ना. थोडा वॉबल, डोकं डुलणं, तो सबको चलता है. लोकांना कळतपण नाही."

"त्यांना नाही कळत, भाऊ. मला कळलं."

"ठीक आहे. माल दुसरीकडून मिळेल."

तो खरंच दुसरीकडून मिळाला असणार. त्या बाबतीत माझा काही गैरसमज नाही.

स्पायडर नर-मादी आता वेगवेगळ्या रॅकवर आहेत. त्यांची जोडी लावायची नाही, असं ठरलंय. प्रशांत साधे आणि दोष नसलेले दोन-तीन रंग अजून वाढवतो, आणि एखादा नवा रंग आणायच्या आधी मला फोन करतो. मला तेही फारसं आवडत नाही. पण मी त्याची डॉक्टर आहे, गुरू नाही. उरलेली पिवळी पिल्लं त्यानं विकली नाहीत. त्यांना तो उंदीर तोंडाजवळ स्थिर धरून भरवतो. डब्यांतल्या चढायच्या फांद्या काढून टाकल्यात, डब्यांखाली रबर लावलंय, दार आता हळू बंद होतं. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे प्रशांत साठीला येईल तेव्हाही त्यातले काही त्या खोलीत वर बघत असतील. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माहितीये. म्हणूनच आता अंडी नकोत."

सुमनताई अजून तिथंच बसतात. अश्विनी अजून जात नाही.

या प्रकरणानंतर माझ्याकडे साप घेण्याआधी सल्ला विचारायला येणारे वाढले. बहुतेकांच्या मोबाइलवर एक फोटो असतो आणि ते विचारतात, मॅडम, हा कसा आहे? फोटो नेहमीच सुरेख असतो. मी त्यांना एवढंच सांगते: जाऊन बघा, जिवंत बघा, अर्धा तास बघा. फोटोत जनावर हलत नाही.